जर्सीच्या खांद्यावरचा टाका

मंडळी, किहीमहून आत्ताच घरी आलोय आणि मन थाऱ्यावर नाही.

माझे काका साठच्या दशकात जहाजावर खलाशी होते. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलच्या अंतिम मालिकेत एका खेळाडूने घातलेली जर्सी त्यांना तिथे भेट मिळाली होती. ती विकून काकीला मुलाच्या होडीचं जळालेलं इंजिन बदलायचं आहे. आज मुंबईचा एक संग्राहक मीच तिच्याकडे नेला.

खांद्यावरचा टाका बघून तो हरखला. "सामन्यात फाटली आणि तिथेच शिवली! मला अशीच हवी होती. टाका तिकडचाच ना?"

काकी माझ्याकडे बघत राहिली. काका ती जर्सी घालून मासेमारीला जायचे. होडीच्या खिळ्यात अडकून ती फाटली आणि काकीनेच शिवली, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

"नाही," मी म्हणालो, "काकीचा आहे."

"मग वस्तू बिघडली हो," म्हणत त्याने जर्सी परत दिली. कळवतो म्हणाला आणि गेला.

काकी म्हणाली, "गप ऱ्हायला असतास तं जीभ झडली असती का रं तुजी? आता तुजा खरेपना लाव होडीला, बघू चालतं का."

खोटं मला बोलायचं नव्हतंच. पण त्याला आणण्याआधी टाक्याबद्दल काय सांगायचं, हे काकीशी तरी बोलायला हवं होतं. जर्सी तिची, होडी तिच्या घरची, आणि उत्तर मी दिलं, तेही तिची नजर चुकवून.

तुमची काकी समोर बसली असती, तर तुम्ही काय सांगितलं असतंत?