वाचनालयाचा रॅम्प

बाळांनो, आज आमच्या वाचनालयाच्या कमिटीची बैठक आहे. सकाळपासून मला एका जागी बसवत नाही, म्हणून हे लिहिते.

मागे सातपूरहून एक गृहस्थ व्हीलचेअरवर आले होते. शहरातले रॅम्प स्वतः चढून तपासायचे, हे काम ते आपखुशीने करत. आमचा रॅम्प मीच उभी राहून बांधून घेतलेला. ते तीनदा अर्ध्यावरून मागे घसरले आणि दर वेळी हातमोजे झटकून पुन्हा निघाले. न राहवून मी मागून हात लावला.

"आजी, ढकलू नका. तुम्ही ढकललंत तर मी चढेन, आणि कागदावर रॅम्प पास होईल."

मी हात काढला. त्यांनी 'नापास' लिहिलं, मी खाली सही केली. रॅम्प लांब करण्याचा ठराव आज मी तिसऱ्यांदा मांडणार आहे. तो उभा चढ अजून तसाच आहे.