कौसल्याच्या साक्षीचा दिवस

देवीवर माझा कधी राग नव्हता. राग यावा इतकी आमची ओळखच नव्हती. येरमाळ्यापासून जवळच्या गावात सगळा जन्म गेला. तिथल्या येडाई देवीचा डोंगर दिसला की हात जोडायची सवय मलाही होती, पण ती हातांची सवय होती, माझी नव्हे. एसटीचा कंडक्टरही त्या वळणावर हात जोडतो आणि लगेच पाय आत घ्या म्हणून कुणावर तरी खेकसतो. मी उपकेंद्रात नर्स होते. या हातांवर किती लेकरं जगात आली याचा हिशोब मी ठेवला नाही. त्यातल्या एकाही वेळी देव दिसला नाही. दिसले ते घामेजलेले चेहरे, आणि बाहेर बसून तंबाखू मळणारे बाप. निवृत्त झाल्यावर मी वाचनालयातली पुस्तकं घरी आणून वाचत असे, आणि चैत्रातल्या यात्रेला सगळा गाव गेला तरी मी जात नसे. निवांतपणा फार मिळतो, असं मी चेष्टेनं म्हणायची. पुढे ही चेष्टा मलाच महागात पडली.

त्या वर्षी यात्रेच्या दिवशी दुपारी कौसल्या माझ्या दारात आली. आमच्याच गल्लीतली, विधवा. तिची एकुलती एक लेक सुरेखा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. "बाई, पोरीला कळा सुरू झाल्यात, लवकर चला," एवढंच ती बोलली. मी गेले. सुरेखाच्या पोटाला हात लावला. पोट लाकडासारखं कडक होतं. कळ येते आणि ओसरते, तसं काही नव्हतं. एकच कळ धरून बसली होती, आणि रक्त जाऊ लागलं होतं. बाळ बाहेर येण्याआधीच वार गर्भाशयापासून सुटू लागली की असं होतं. बहुतेक वेळा मार लागलेला असतो. मी विचारलं, "ही पडली का कुठं? काही लागलं का पोटाला?"

"न्हाय वं बाई. सकाळधरनं घरातच हाय की."

सुरेखानं आईकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मी तेव्हाच दवाखान्याच्या सरकारी गाडीला फोन लावला. गाडी निघाली आणि यात्रेच्या गर्दीत अडकली. इकडे बाळ थांबायला तयार नव्हतं. गल्लीत दुसरं माणूस नव्हतं. मुलगी झाली, रडली. पण आईचं रक्त थांबेना. मला येत होतं ते सगळं मी केलं. गाडी आल्यावरही तिच्या पोटावर दोन्ही हात दाबून मी दवाखान्यापर्यंत गेले. दाराशी पोचेपर्यंत माझ्या हाताखालची सुरेखा गार पडली होती.

आठवड्याभरात जावयाकडच्या लोकांनी तक्रार दिली, आणि कौसल्यानं पोलिसांना जबाब दिला. बाईंना सकाळीच बोलावलं होतं, 'घरीच होईल, दवाखान्याची गरज नाही' असं त्या म्हणाल्या, दुपारपर्यंत त्यांनी पोरीला तसंच ठेवलं, आणि शेवटी वार ओढून काढली. हलगर्जीपणानं जीव घेतल्याचा गुन्हा माझ्यावर दाखल झाला. मी वकील केला. तालुक्याच्या गावचा, किडकिडीत, बोलायला तिखट, पण मनानं सरळ माणूस.

तो म्हणाला, "गाडीला फोन दुपारी गेलाय, हे कागदावर आहे. पण सकाळी तुम्ही कुठं होता, हे सांगणारं कोण आहे?"

"मी घरी वाचत होते."

"बघितलं कुणी?"

"गाव येरमाळ्याला गेला होता."

"ताई, पुस्तकाला पिंजऱ्यात उभं करता येत नाही."

तारखा पडत गेल्या. निवृत्तीच्या वेळी तालुक्यातल्या एका पुढाऱ्यानं माझा सत्कार केला होता. त्या बॅनरवर माझा फोटो त्याच्या कानाएवढा होता, तरी त्यानं मला 'माऊली' म्हटलं होतं. आता समोरून आला की त्याला फोनवर महत्त्वाचं बोलणं आठवे. माझी बहीण मला एका महाराजांकडे घेऊन गेली. महाराज गार हवेच्या खोलीत बसले होते. त्यांनी डोळे मिटले आणि मला शत्रूपासून त्रास आहे, असं सांगितलं. आरोपीला शत्रू असतो हे सांगायला डोळे कशाला मिटायला हवेत, ते मला कळलं नाही. पण बाहेरच्यांचं सोडा, माझा माझ्यावरचाच भरवसा उडू लागला होता. भाकरी थापताना मी मधेच थांबे आणि हातांकडे बघत राही. वार खरंच ओढली का मी? घाईत? तीच ती दुपार मी पुनःपुन्हा मनात लावून पाहिली, आणि दरवेळी हात मला थोडे वेगळे दिसले. खोटं रोज ऐकलं की आपली आठवणही त्याच्या बाजूला सरकते. तुरुंगापेक्षा मला याचीच भीती जास्त वाटे.

कौसल्याच्या साक्षीची तारीख लागली तेव्हा सुरेखाची मुलगी, ईश्वरी, चालायला बोलायला लागली होती. आजीजवळच वाढत होती. वकिलानं आदल्या भेटीत त्याचा डाव सांगितला. "आईलाच धरायचं. लेकीचं बाळंतपण तुला जड झालं होतं, म्हणून तूच दवाखाना टाळलास, असं सुचवायचं. बाई रडेल, गडबडेल. गडबडलेला साक्षीदार आपल्या कामाचा." मी हो म्हणाले. मला सुटायचं होतं.

सकाळच्या एसटीत मला खिडकीची जागा मिळाली. येरमाळा आलं, उतरणारे उतरले, चढणारे चढले. डोंगर दिसला. का कुणास ठाऊक, त्या दिवशी हात आपसूक जुळले नाहीत. मी नुसती बघत राहिले. ज्या बाईची लेक माझ्या हाताखाली गेली, तिला आज माझ्या सुटकेसाठी सगळ्यांसमोर सोलून काढायचं होतं. ती खोटं बोलत होती हे मला ठाऊक होतं. का बोलत होती, ते ठाऊक नव्हतं. डोंगराकडे बघत मनात म्हटलं, मला आता सुचत नाही. मला सोडव असं म्हणत नाही. त्या बाईचा द्वेष करायला मला लावू नकोस, आणि पुढचं तुझं तू बघ. एवढंच. अंगावर काटा आला नाही, डोळे भरून आले नाहीत. खिडकीची काच खडखडत राहिली आणि मागच्या सीटवरची कोंबडी ओरडत राहिली.

कोर्टात पोचल्यावर वकिलाला सांगितलं, लेक जड झाली वगैरे काही विचारायचं नाही.

"मग मी काय करू? टाळ वाजवू?" तो म्हणाला. "ताई, ही शेवटची संधी आहे. आत गेलात तर मी भेटायला येणार नाही, सांगून ठेवतो." आणि तो चिडून वकिलांच्या बाररूमकडे निघून गेला.

व्हरांड्यात सावलीला एकच बाकडं होतं. एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला नातीला मांडीवर घेऊन कौसल्या. मधे दोन माणसांची जागा रिकामी होती, आणि ती कुणी घेत नव्हतं. जावई खांबाला टेकून लांब उभा होता. त्या दिवशी बाजार होता. बांगड्यांची पाटी डोक्यावर घेतलेली एक कासारीण कोर्टाच्या नळावर पाणी प्यायला आत आली. उमरग्याकडची असावी, बोलण्याला कानडी हेल होता. पाणी पिऊन तोंड पुसता पुसता ती कौसल्याकडे बघतच राहिली.

"अक्का, तुम्ही येडाईच्या यात्रेतल्या न्हवं का? पोरगी पडली होती तुमची, चुन्याच्या रानात?"

कौसल्यानं नातीला छातीशी ओढलं.

यात्रेत पालखी येते तेव्हा लोक रानातले चुन्याचे खडे वेचून देवीच्या नावानं त्यांची रास घालतात. कौसल्यानं लेकीला दिवस राहावेत म्हणून नवस बोललेला होता, आणि नवस जिच्यासाठी बोलला तिनंच खडे वेचायचे, असं तिनं धरलं होतं. सासरच्यांनी यात्रेला न्यायचं नाही म्हणून बजावलं होतं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी मी फक्त ऐकत होते.

कासारीण आपल्याच नादात बोलत होती. "किती गर्दी होती वं त्या दिशी. मागनं रेटा आला आणि पोरगी पालथीच पडली. बांगड्या फुटून मनगट कापलं होतं. मी दुकानाच्या सावलीला बसवली, पाणी दिलं, हिरव्या बांगड्या भरल्या. म्हणलं, दवाखान्यात न्या. तुम्ही म्हणालात, घरी नेते, आमच्या गल्लीत नर्सबाई हायत. मला लई दिवस घोर होता बघा." मग ती वाकून ईश्वरीच्या गालाला हात लावून म्हणाली, "हीच व्हय ती पोटातली? बरं झालं बाई. आई कुठं हाय हिची?"

ईश्वरीनं सांगितलं, "देवाघरी."

कासारणीचा हात तसाच राहिला. ती कुणाला काही न विचारता उठली, पाटी डोक्यावर घेतली आणि फाटकाबाहेर गेली. जावयापर्यंत काही पोचलं नव्हतं. ऐकलं ते मी आणि कौसल्यानंच.

मी ताडकन उठले, हे कबूल करते. वकील दहा पावलांवर, बाररूममध्ये होता, बाई अजून रस्त्यात दिसत होती. हाक मारली असती तर दुपारपर्यंत माझी साक्षीदार तयार झाली असती. कौसल्या माझ्याकडे बघत होती. तोंडावर भीती नव्हती. खूप वेळ ओझं धरून उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर दिसतं ते होतं. मी परत बसले.

"पोर घेऊन जातील बाई ते," ती हळूच म्हणाली. "देवीपायी लेक गेली, असं कसं म्हणू म्या? आणि माझ्यापायी गेली, हे तरी कसं म्हणू?"

"मी वकिलाला काही सांगणार नाही," मी म्हणाले. "आत काय बोलायचं ते तुझं तू ठरव." मोठेपणा वगैरे काही नव्हता. सकाळी एकदा सोडून दिलेलं पुन्हा हातात घ्यायचं धाडस होत नव्हतं, इतकंच.

पुकारा झाला. सरकारी वकिलानं जबाब वाचत विचारलं, "आरोपीला तुम्ही सकाळी बोलावलं, बरोबर?" कौसल्यानं कठडा धरला. त्यानं पुन्हा विचारलं. मी तिच्याकडे बघू शकले नाही, कठड्यावरच्या तिच्या बोटांकडे बघत होते.

"न्हाय साहेब," ती म्हणाली. "सकाळी आमी येरमाळ्याला होतो." आणि मग कुणी न विचारता तिनं सगळं सांगितलं. नवस, रेटा, बांगड्या, आणि मी विचारलं असता ती 'न्हाय' म्हणाली तेही. "बाईंनी आल्याबरुबर गाडी बोलावली. हात काढला न्हाय त्यांनी पोरीवरला, दवाखाना येस्तोवर. म्या लबाड बोलले, कारण म्या नेली होती तिला." सरकारी वकील तिला फितूर ठरवायला उभा राहिला. तिनं त्याला एवढंच सांगितलं, "तुम्ही काय बी ठरवा. पोरगी माझी हुती."

जावई पुष्कळ वेळ व्हरांड्यात डोकं धरून बसला. मग ईश्वरीला उचलून रस्त्यावर घेऊन गेला. कौसल्या जागची हलली नाही. थोड्या वेळानं तो परत आला, पोरीच्या हातात बिस्किटांचा पुडा होता, आणि त्यानं तिला आजीच्या मांडीवर आणून बसवलं. निकाल पुढे लागला, मी निर्दोष ठरले. वकिलानं ते यश स्वतःच्या नावावर घेतलं, आणि मी घेऊ दिलं.

ती कासारीण अदृश्य झाली असती तर ही गोष्ट जास्त शोभली असती. पण पुढच्या बाजारात मला ती सापडली. कोपऱ्यात बसून एका नवरीशी मापावरून वाद घालत होती. मी तिला घडलं ते सांगितलं. तिनं कानाला हात लावले आणि म्हणाली, "मला पाणी प्यायचं होतं बाई, म्हणून आत आले." मग माझा हात ओढून बांगड्या भरू लागली. ती देवीनं पाठवली होती का, हे मी तिला विचारलं नाही, आणि स्वतःलाही विचारत नाही. तहान कुणी दिली, एवढं मात्र कधी कधी मनात येतं, आणि मी ते येऊ देते.

सुरेखा गेली ती गेलीच. कोणत्याही कृपेनं ते बदललं नाही, आणि बदललं असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून माझे हात मला माझे वाटतात. बाळंतिणी शेवटच्या कळेला सगळं अंग आवळून धरतात. तेव्हा त्यांच्या कानाशी वाकून मी जन्मभर एकच सांगत आले, 'धरून ठेवू नको बाळा, सोड.' त्या ओरडून म्हणत, सोडलं तर मरेन. आणि मी खात्रीनं सांगे की नाही मरत. हे मला कुणी सांगायला म्हातारपण यावं लागलं. कौसल्या आता संध्याकाळी नातीला घेऊन माझ्या ओट्यावर येते. ईश्वरी दोघींच्या मधे बसते, आणि आम्ही दोघी तिला जागा करून देतो.