आठ वर्षं अंगावर काढलेलं

मी दहावीत गेले त्या उन्हाळ्याच्या शेवटी आई बाळंत झाली. तिचं वय तेव्हा बेचाळीसच्या आसपास असावं. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न होऊन तिला दोन वर्षांचा मुलगा होता. नातवाला मांडीवर घेऊन बसणारी आपली आई पोटुशी आहे, याची मला इतकी लाज वाटायची की, तिच्यासोबत बाजाराला जाणं मी बंद केलं होतं. ती मागून हाक मारायची, मी मैत्रिणींच्या घोळक्यात पुढे निघून जायची.

आमच्या दिघोरीला अधूनमधून नर्सबाई यायच्या. त्यांनी आईला बजावलं होतं, "या वयातलं बाळंतपण घरी नको, दवाखान्यात कर." आई हसून म्हणाली, "चार झाले ना बाई घरीच." मग त्या गेल्यावर मला हळूच म्हणाली, "थ्या पोरीसोरींच्या रांगेत मी म्हातारी कशी बसू?" मला तर बरंच वाटलं होतं.

कळा पहाटे सुरू झाल्या, त्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. मुलगी झाली. वार लवकर पडली नाही, रक्त खूप गेलं. सुईण हात धुऊन बाहेर आली. बाबांना म्हणाली, "सव्वा महिना हिले उठू देऊ नका."

बाविसाव्या दिवशी आई उठली. धानाची रोवणी लागली होती, मजूर बायका मिळत नव्हत्या. बाबा दारात उभे राहून म्हणाले, "जमत असन तं ये, नाई तं राहू दे." ते काही वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच वाटलं असेल की, जमत नसेल तर ही सांगेल. आईने लुगडं खोचलं, बाळाला पाटीत घातलं आणि गेली. मी शाळेत गेले. चार दिवस घरी थांबते म्हणायला मला कोणी अडवलं नव्हतं. दिवसभर ती शेताच्या बांधीतल्या चिखलात वाकून होती, पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या डोक्यावर वाहत होती.

त्यानंतर आई बसू लागली. पाण्याची घागर घेऊन चार पावलं चालली की, बसायची. खोकला आला की, दोन्ही हातांनी ओटीपोट दाबून धरायची. बोडीवर, गावच्या तळ्यावर, सगळ्या बायकांसोबत आंघोळीला जाणं तिने सोडलं. लग्नाकार्याला जायची नाही, बैलगाडीत चढायची नाही. "कंबर दुखते," एवढंच सांगायची. गावातल्या बायका म्हणायच्या, म्हातारपणच्या पोरीने हिला आळशी केलं.

मीही तेच समजत होते. धाकटी तीनेक वर्षांची असताना मी एकदा चिडून तिला म्हटलं, "तुझ्यामुळेच आई अशी झाली." तिला काही कळलं नाही. आईने मात्र ऐकलं. ती चुलीजवळून उठून आली आणि तिने मला थोबाडीत मारली. आयुष्यात एकदाच मारलं तिने मला. मग पुन्हा जाऊन बसली.

माझं लग्न झालं आणि दोन वर्षांनी पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले. आईने मला फुलासारखं जपलं. तेल चोळायची, शेक द्यायची, जुन्या लुगड्याने पोट घट्ट बांधायची. विसाव्या दिवशी बरं वाटलं म्हणून मी विहिरीवर बादली ओढायला गेले. आई धावत आली, माझ्या हातून दोर हिसकावला आणि तिथेच ओल्या दगडावर खाली बसली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय झालं, आई?"

"काई नाई."

"तू मले उचलू देत नाही, मंग तुले कोनं जपलं होतं?"

तिने हातातला दोर खाली टाकला. मग पदर तोंडाशी धरून म्हणाली, "अंग बाहेर येते मायं. हे पोरगी झाली तवापासून. हातानं आत सारतो अन् काम करतो."

आठ वर्षं झाली होती. मी रडायला लागले, तर तीच मला म्हणाली, "रडू नोको बाई, दूध आटते."

सव्वा महिना होताच मी तिला घेऊन भंडाऱ्याला गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. गर्भाशय खाली उतरलं होतं, आत जखमा झाल्या होत्या, अंगात रक्त नव्हतं. ऑपरेशन लागेल, पण आधी ताकद येऊ द्या, म्हणाल्या. तोवर आधाराला त्यांनी आत रबरी कडं बसवून दिलं. दहा मिनिटांचं काम.

एस.टी.त आई खिडकीशी बसली होती. बराच वेळ बाहेर बघत राहिली. मग माझ्याकडे न वळता म्हणाली, "येवढंच होतं का व?"

घरी बाबांना मीच सांगितलं. ते भिंतीला टेकून ऐकत होते. शेवटी आईला म्हणाले, "मले काहून नाई सांगितलं?"

आई म्हणाली, "तुमी कई इचारलं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. बाबा उठले आणि गोठ्याकडे गेले. जेवायलाही लवकर आले नाहीत.

त्याच हिवाळ्यात ऑपरेशन झालं. जखम भरायला वेळ लागला, पण आई बरी झाली आणि पुढे पुष्कळ वर्षं जगली. तिला आळशी म्हणणाऱ्या बायकांपैकी तिघी नंतर एकेक करून माझ्याकडे आल्या, भंडाऱ्याच्या त्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता विचारायला.

त्या आठ वर्षांतली सहा वर्षं मी तिच्यासोबत एकाच घरात राहत होते.