बारशाच्या बांगडीचं माप

प्रभावती कासार सांगलीत चाळीस वर्षं बांगड्या भरते. हात पाहूनच माप सांगते. बांगडी जरा घट्टच बसली पाहिजे, हा तिचा धर्म.

तोच तिनं भाडेकरणीच्या डोक्यालाही लावला. माडीवर राहणारी न्यांबुरा केनियाची, नर्सिंग शिकणारी. दर रविवारी प्रभावती कढत तेल लावून तिच्या बारीक वेण्या घालायची, कातडी ताणली जाईपर्यंत. मग टाळूवर केस गेलेली गुळगुळीत चकती दिसली.

"आतून व्रण धरलाय," डॉक्टर म्हणाले. "गेलेले केस बहुधा येणार नाहीत. पसरणं थांबवू. कढत तेल बंद, वेण्या सैल."

"माझ्या हातानं झालं?" प्रभावतीनं विचारलं.

"एकट्या तुमच्या हातानं नाही. पण ताण नको."

त्या दिवशी तिनं एकही बांगडी भरली नाही.

कुठल्या औषधानं थांबतंय हे बघायला फोटो काढायचे होते. पण कधी ऊन जास्त, कधी मान वाकडी; एका फोटोचा दुसऱ्याशी मेळ बसेना. शेवटी प्रभावतीनं बारशाची बांगडी टाळूवर ठेवली. चकती नेमकी आत मावली.

नुसतं मलम लावून तीन महिने गेले. चकती बांगडीबाहेर आली. पाच वर्षांच्या पोरीची बांगडी घ्यावी लागली. मग गोळ्या आणि टाळूत इंजेक्शनं.

"लय दुखतं, मावशी."

"बांगडी भरताना रडलीस का कवा? सोस."

पुढचे दोन महिने माप तेच राहिलं. तिसऱ्यांदाही तेच निघालं, तर थांबलं म्हणायचं, असं डॉक्टर म्हणाले होते. तो दिवस नेमका संक्रांतीच्या गर्दीतला. न्यांबुरानं दुकानातच डोक्याचा रुमाल सोडला.

"आगं परभा, डोक्यात बांगडी भरतीस व्हय?" बांगड्या भरायला आलेली साळूबाई खिदळली.

प्रभावतीला चष्म्यातूनही धड दिसेना. तिनं बांगडी टाळूवर तशीच धरून ठेवली. "राजनंदिनी, तू बघ गं."

रांगेतली राजनंदिनी वाकली. "तेवढंच हाय, मावशी. आन् हितं कडेला, आतल्या बाजूला, बारीक केस हायत की!"

बायकांनी गलका केला. साळूबाईनं हलव्याची मूठच न्यांबुराच्या तोंडात कोंबली. प्रभावतीनं तिच्या हातात हिरवा चुडा भरला, अगदी घट्ट.

चुडा भरल्यावर कासारणीला नमस्कार करायचा असतो, हे न्यांबुरानं इथंच पाहिलं होतं. ती वाकली. रुमाल गादीवरच पडून होता. सगळ्यांपुढं ती उघडी टाळू प्रभावतीसमोर आली, आणि प्रभावतीनं तिच्यावर हात ठेवला. पाखरू बसावं तसा, सैल.