आत्याबाईंनी वकीलबाई पाहिली

सिंदेवाहीपासून मूलपर्यंतच्या गावांत आमच्या आत्याबाईंनी जुळवलेल्या सोयरिकी मोजायला बसलं, तर तलावातल्या मासोळ्या आधी मोजून होतील. पण नवऱ्यामुलाची आत्या असून सुनेच्या घटस्फोटाला त्या ज्या हौसेने निघाल्या, तशी बाई पुन्हा जन्माला येईल असं मला वाटत नाही. त्या माझ्या नवऱ्याच्या सख्ख्या आत्या. त्याची आई लहानपणीच गेली, तेव्हा यांनीच मासोळ्या विकून त्याला वाढवलं. पुढे तो कोळशाच्या खाणीत ठेकेदाराच्या कामावर म्हणून माजरीला गेला, तिथे त्याने दुसरा संसार मांडला आणि आमच्याकडे येणं बंद केलं. घरात राहिलो मी, माझी लेक आणि आत्याबाई. लेक नर्सिंग शिकायला गडचिरोलीला गेल्यावर आम्ही दोघीच. मी अंगणवाडी चालवते. पोरांच्या वजनापासून खिचडीच्या तांदळापर्यंत सगळं मांडून ठेवायची मला सवय आहे. वकिलाकडे जायचं ठरलं तेव्हाही काय विचारायचं, काय न्यायचं, काय मागायचं, सगळं लिहून काढलं. एकच गोष्ट लिहिली नाही. माझी सोडचिठ्ठी झाली की आत्याबाई माझ्या कोण? गावात तर लोक सरळच म्हणत, आता म्हातारी माजरीला जाणार. भाचाही निरोप धाडत असे, "आत्या, इथी ये, घरात नळ हाये, कूलर हाये." आत्याबाई जगातल्या प्रत्येक विषयावर बोलत; या एका विषयावर मात्र बोलत नसत, आणि विचारायची माझी हिंमत होत नसे.

त्या माझ्याबरोबर येणार हे त्यांनी मला विचारून ठरवलं नाही. मी म्हटलं, "आत्याबाई, वकिलाकडे जाऊन राह्यली मी, सोयरिकीले नाई." त्यावर त्या म्हणाल्या, "मंग? जोडाले गेली तवा मीच होती ना पुढे? आता सोडाले कोन दुसरी येईन?" हे खरं होतं. मला पसंत त्यांनीच केलं होतं. एका लग्नात पंगती उठल्यावर मी भाड्याने मागवलेली भांडी मोजून, घासून, लावून ठेवत होते, ते त्यांनी पाहिलं आणि नवरीकडे पाठ करून माझ्या बापाला गाठलं. त्या दिवसाचा विषय निघाला की त्यांना अजून राग येतो. "म्या पसंत केली होती तुले. नापसंत कराले थो कोन?" असं त्या म्हणतात, आणि हातातलं जे काही असेल ते आपटतात. एकदा हातात अंडी होती.

पण आत्याबाईंना आयुष्यात तयारी ठाऊक होती ती एकाच प्रकारची, मुलगी पाहायला जायची. पहिली पायरी म्हणजे चौकशी. चंद्रपूरच्या मच्छीबाजारात बसणाऱ्या त्यांच्या एका जुन्या मैत्रिणीकडे त्यांनी फोनवरून निरोप सोडला, की अमक्या अमक्या वकीलबाईचं घर कसं आहे आणि ती मासोळी कोणती घेते, ते कळव. माणसाची पारख त्या मासोळीवरून करतात. मरळ घेणारा भरवशाचा, वाम घेणारा आतल्या गाठीचा, आणि आधीच कापून ठेवलेली मासोळी घेणाऱ्याच्या घरी त्या मुलगी देत नाहीत. उत्तर आलं, की बाई झिंगे घेतात आणि भाव न करता सांगितले तेवढे पैसे देतात. आत्याबाई मटकन खाली बसल्या. "बाजारात भांडत नाई थे बाई! कोर्टात काय भांडन?" मी सांगून पाहिलं, की कोर्टातलं भांडण वेगळं असतं. "भांडन एकच असते," त्या म्हणाल्या. दोन दिवस त्यांनी दुसरा वकील पाहण्याचा आग्रह धरला. मग मैत्रिणीचा पुन्हा फोन आला, की मागच्या आठवड्यात वकीलबाईंनी झिंगे शिळे निघाले म्हणून पिशवी परत आणून टोपलीत ओतली होती आणि ताजे घेऊन गेल्या होत्या. आत्याबाईंचा चेहरा उजळला. "चालते," त्या म्हणाल्या, "बोलत नाई, पन सोडत नाई."

दुसरी पायरी सरावाची. अंगणवाडीतून आले की त्या मला घरापुढच्या छपरीत समोर बसवत, माझा चष्मा स्वतःच्या नाकावर चढवत आणि वकीलबाई होत. "नाव सांग. किती शिकली? सैपाक येते का? मान वर कर, पोरी." मी हसत हसत म्हणाले, "आत्याबाई, वकील हे नाई इचारत." "मंग काय इचारते?" "इचारतीन, काऊन सोडून राह्यली नवऱ्याले." त्यांनी चष्मा काढला. पदराने दोन्ही काचा पुसल्या. मग चष्मा परत चढवून म्हणाल्या, "सांग." आणि मी सांगितलं. माझ्या माणसाविषयी मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले ते त्याच्याच आत्यासमोर. मध्ये मध्ये त्या "हो, असंच केलं त्यानं" म्हणत; एकदा "हे नाई, हे त्यानं नाई केलं, हे तुले उगीच वाटते" असंही म्हणाल्या. आम्ही त्यावर चांगल्या भांडलो आणि शेवटी ते वाक्य मी वगळलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं, तिसऱ्या दिवशी रडू आलं नाही. वकीलबाईंसमोर मी जे धडाधड बोलू शकले, त्याचं श्रेय माझ्या टिपणाला नाही, त्या चष्म्याला आहे.

कागदांचं मात्र सगळं मी पाहिलं. राशनकार्ड, आधार, घराची कर पावती, लग्नाची पत्रिका, सगळं एका फाईलमध्ये क्रमाने लावलं. लग्नाची नोंदणी काही केलेली नव्हती, म्हणून फोटो हवे होते. अल्बम उघडला आणि मी कपाळाला हात लावला. प्रत्येक फोटोत मधोमध आत्याबाई होत्या. हार घालताना आत्याबाई, अक्षता पडताना आत्याबाई. त्यांच्या खांद्यामागे कुठे माझं अर्धं बाशिंग, कुठे नवऱ्याचा एक कान. मी काही म्हणायच्या आत त्याच म्हणाल्या, "माहा एकटीचाच फोटो चांगला येते." शेवटी ज्यात माझे दोन्ही डोळे दिसतात असा एक सापडला. त्यात त्यांचे मिटलेले होते, म्हणून तो न्यायला त्यांचा विरोध होता.

ठरल्या दिवशी त्या नवं लुगडं नेसून, सुक्या झिंग्यांची पुडी घेऊन निघाल्या. पहिल्या भेटीला रिकाम्या हाताने जायचं नसतं. एसटीत बसल्या बसल्या त्यांनी कंडक्टरला आम्ही कशासाठी चाललो ते सांगितलं, म्हणजे अर्थातच गाडीला सांगितलं. मूलपर्यंत मला निम्म्या बायकांचा सल्ला मिळाला होता आणि पुडीचा वास पुढे ड्रायव्हरपर्यंत पोचला होता. आम्ही उतरताना कंडक्टर म्हणाला, "बाई, काम होऊन जाईन तुमचं." मी वरमले, पण खरं सांगते, बरंही वाटलं.

वकीलबाई माझ्याहून लहान होत्या. त्यांनी फाईल चाळली, फोटो पाहिला, आत्याबाईंकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. "ताई, लग्न तुमचं की यांचं?" आत्याबाई खूश झाल्या. मग त्यांनी विचारलं, "या तुमच्या कोण?"

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई ऐटीत म्हणाल्या, "मी पोराकडची."

"म्हणजे?"

"पोरगा माहा भाचा. म्याच वाढवला त्याले."

वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं. "मग आजी, तुम्ही बाहेर बसा. यांना जे सांगायचंय ते समोरच्या पक्षापुढे नको. उद्या तुम्ही ते भाच्याला सांगाल."

"सांगीन ना! त्यात लपवाचं काय हाये? त्याले नाई समजलं तं सुधरन कसा?"

"म्हणूनच म्हणते, बाहेर बसा."

एवढ्या वर्षांत कुठल्याही बैठकीतून आत्याबाईंना कुणी उठवलं नव्हतं. त्या उठल्या. पदर सारखा केला, पुडी घेतली, दारापर्यंत गेल्या. तिथे थांबून म्हणाल्या, "बाई, पोरीकडचं कोनी असन, तं बसू देता का?"

"यांची इच्छा असेल तर बसू देईन."

"हिच्या मायबापाचं कोनी उरलं नाई." त्या परत आल्या आणि खुर्ची माझ्या बाजूला ओढून बसल्या. "मंग मले पोरीकडची लिव्हा."

"अहो, असं कसं..." वकीलबाई माझ्याकडे पाहू लागल्या. "ताई, तुम्ही सांगा."

मी माझी खुर्ची सरकवून त्यांना जागा केली. "बसू द्या," मी म्हणाले. "माझ्याकडच्याच आहेत त्या."

वकीलबाईंनी टोपण काढलं. नाव, गाव, शिक्षण विचारून झालं. शिक्षण विचारल्यावर आत्याबाईंनी मला कोपराने ढोसलं. वकीलबाईंनी पुढे विचारलं, "घरात कोण कोण असतं?"

"मी, सुट्टीत लेक..." म्हणून मी थांबले.

"अन् मी," आत्याबाई म्हणाल्या. "पुढेबी मीच."

पुढे संमतीनेच सगळं झालं. सहीच्या दिवशी भाचा आला, सही केली, आत्याकडे न पाहता गेला. त्या त्याच्यामागे फाटकापर्यंत गेल्या होत्या, पण तो तोवर गाडीवर बसला होता. त्यांनी माझ्यासाठी काय सोडलं ते मला ठाऊक आहे, आणि त्याचे आभार कसे मानतात ते मला अजून सुचलेलं नाही; म्हणून मी त्यांच्याशी भांडत असते आणि त्यांना मरळीचं मानाचं डोकं वाढत असते.

अलीकडे रविवारी दुपारी कधी कधी त्यांचा फोन वाजतो. त्या तो घेऊन मागच्या अंगणात जातात. मी मोरीत भांडी आपटत घासायला घेते. बऱ्याच वेळाने त्या आत येतात, सूप मांडीवर घेतात आणि मी न विचारताच सांगतात, "रोंग लंबर होता."

"जेवला का?" मी विचारते.

"जेवला म्हन्ते," आत्याबाई म्हणतात, आणि निवडून झालेले तांदूळ पुन्हा निवडायला घेतात.