मोह्याचा वास आणि माझे श्रोते

स्वतःची फजिती सांगायची म्हणजे चहा जरा कडकच हवा. ओता!

ऐंशी-ब्याऐंशीची गोष्ट. धानोऱ्याहून बदली होऊन मी चंद्रपूरला आलो. लग्न झालेलं नाही, आणि एकट्या पोराला खोली कोण देतो हो? अख्खं शहर पालथं घातलं, तेव्हा कुठे रामटेकेभाऊंनी घरामागची एक खोली दिली. कोपऱ्यात मोरी, खिडकीत स्टोव्ह, दार गल्लीत. भाऊ पंचशील पाळणारे, कडक गृहस्थ.

"पाहा बापू, आपल्या घरी दारू चालत नाई. थेंब दिसला, का सामान रस्त्यावर!"

"मी तर सुपारीसुद्धा खात नाई जी!"

चैत्रात आईनं एसटीच्या ड्रायव्हरसोबत पोतंभर मोहफुलं पाठवली. आमच्याकडे मोहा म्हणजे आधी खाऊ. भाजायचा, तीळ घालून कुटायचा, लाडू वळायचे. मी फुलं खोलीभर पसरली. वास? अहो, त्या वासातच वाढलो, मला कुठला जाणवतो!

त्याच संध्याकाळी शेजारचे बावणेभाऊ दारात हजर.

"काऊन, एकटेच बसून राह्यले?"

"या ना, बसा!"

मी लाडू दिला. त्यांनी खाल्ला, पण माणूस उठेना! आता पाहुण्याला रमवायचं कसं? तेव्हा मी कविता करत होतो. विरहाच्या. विरह कोणाचा, ते मलाही माहीत नव्हतं. वही काढली आणि वाचली एक.

दुसऱ्या दिवशी बावणेभाऊ आणखी दोघांना घेऊन आले. आठवडाभरात दारात चपला मावेनात! मी तर हरखून गेलो. पण काही गोष्टी कळेनात. कोणी खाटेखाली वाकून बघायचा, कोणी मोरीतलं मडकं हुंगायचा. कविता संपली की सगळे एकदम सुस्कारा टाकायचे. मला वाटायचं, काळजाला भिडली!

"आज नाई म्हणता? बरं बरं, उद्या येतो," म्हणत एकजण रोज जायचा. मी कशाला नाही म्हणालो होतो, देव जाणे!

आणि एका संध्याकाळी रामटेकेभाऊ आले, डोळे लाल.

"सामान बांधा."

आता पुन्हा खोली कुठे शोधू?

"काऊन भाऊ? काय झालं?"

"अख्खी गल्ली रोज इथी येऊन राह्यली, मोह्याचा वास माझ्या ओसरीपर्यंत, आन् मलेच इचारता? दारू गाळता ना?"

"दारू? भाऊ, ते तर माझ्या कविता ऐकायला येतात!"

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की माझीच मला शंका आली. त्यांनी बावणेभाऊंना हाक मारली.

"खरं सांग बावणे, इथी दारू भेटते का नाई?"

बावणेभाऊ भडकलेच. "कायची दारू जी! वासानं आलो, आन् रोज कविताच ऐकून राह्यलो. आज भेटंल, उद्या भेटंल! आता तर दुसरीकडेही मोह्याचा वास आला, का याची कविता आठवते. घोट गळ्याखाली जात नाई. सुटली माझी!"

भाऊ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

"सामान राहू द्या बापू. पर कविता बंद करू नका. गल्ली सुधरून राह्यली!"