पुढची तपासणी

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांइतका काळजी करणारा माणूस अख्ख्या वाशीत झाला नाही आणि पुढे होईल असंही वाटत नाही. रबाळ्याच्या एका कारखान्यात ते मेंटेनन्सचे फोरमन होते. कामावरून सुटले तरी त्यांच्यातला फोरमन काही सुटत नसे. आमच्याकडे आले की चहा नंतर, आधी टेबलफॅन. स्क्रूड्रायव्हरचं टोक फॅनच्या पाठीला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटून ऐकत राहायचं. "बेअरिंग कुरकुरतंय," असं ते अशा आवाजात सांगत की आई पदर सावरून उभी राही. बिल्डिंगचा पंप, बाबांची स्कूटर, आमचा टेबलफॅन, प्रत्येकाचं त्यांनी एकेक कार्ड केलं होतं. काय बिघडलं, काय केलं, पुढची तपासणी कधी. एका तारखेवर खूण झाल्याशिवाय पुढची तारीख ते लिहीत नसत. "एकदम दोन लिवायच्या नाय," ते म्हणत. "आदी ही सुखरूप जाऊ दे."

मी सतरा वर्षांची असताना मानेत गाठ आली आणि ती कॅन्सरची निघाली. कॉलेजचं एक वर्ष खाडीपलीकडच्या हॉस्पिटलात, इंजेक्शनं आणि रेडिएशनचे शेक घेण्यात गेलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "बरी झालीस. आता विसरून जा." घरच्यांनी ते इतकं मनावर घेतलं की तो शब्दच घरातून हद्दपार झाला. मला मात्र विसरता येईना. दिवसातून वीस वेळा मी मान चाचपायची. साधा खोकला आला तरी दुखणं उलटलं असंच वाटायचं. ज्याला त्याला विचारावं तर एकच उत्तर, टेन्शन घेऊ नकोस.

काका तेवढे वेगळे निघाले. "रिपेर झालं म्हंजे संपलं काय?" असं म्हणत ते वर आले, बाबांकडून हॉस्पिटलचे सगळे कागद मागून घेतले आणि माझं कार्ड केलं. कुठली औषधं, किती शेक, कुठल्या बाजूला, सगळं ठळक अक्षरात. "टेन्शन घे पोरी, पन वेळेवर घे. तीन महिन्यातनं एक दिवस. बाकीचे दिवस कॉलेजात जायचं." मला भयंकर राग आला आणि त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी मला भूक लागली.

पुढे मी बावीस वर्षांची असताना मला बघायला पाहुणे आले. आजाराचं अवाक्षर काढायचं नाही, असं घरात ठरलं होतं. शिऱ्याच्या बश्या फिरत होत्या, तोच काका कार्ड घेऊन हजर! "कारखान्यात जुनं मशीन घेताना कार्ड मागावं लागतं," ते मुलाच्या वडिलांना कौतुकाने म्हणाले. "हितं मी सोता आनलंय. बगा, एक पन तारीख चुकलेली नाय." पाहुण्यांनी कार्ड वाचलं, बश्या खाली ठेवल्या आणि ते गेले. आईने काकांचा चहा बंद केला. मी तर त्यांचं तोंड पाहायचं नाही असं ठरवलं, आणि त्यांच्यावरच्या रागात पुढची तपासणीही चुकवली.

एका सकाळी दार उघडलं तर काका जिन्यात बसलेले. दाढी वाढलेली, मांडीवर पिशवी. "तारीख उलटून नऊ दिस झाले," ते खाली बघत म्हणाले. "मला बोल काय बोलायचं ते. पन चल." त्यांचे डोळे जागून लाल झाले होते. तोवर मला वाटत होतं, भीती माझ्या एकटीचीच आहे. मी चपला घातल्या.

बसने आम्ही खाडीपूल ओलांडला. हॉस्पिटलात डॉक्टर नवे होते आणि माझी जुनी फाईल काही सापडेना. "शेक किती झालेत?" त्यांनी विचारलं. मला आठवेना. काकांनी खिशातून कार्ड काढून पुढे ठेवलं. डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं, उतरवून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही कोण यांचे?"

"मेंटेनन्स," काका म्हणाले.

तपासणीत काही निघालं नाही. परत येताना काका बसमध्ये गाढ झोपले, आणि त्या दिवसापासून आईने चहा पुन्हा सुरू केला.

दोन वर्षांनी काका रिटायर होऊन कोकणात गावी निघाले. डॉक्टरांनी आता वर्षातून एकदाच यायला सांगितलं होतं. "आता माझ्याकडे कोण बघणार?" एसटी स्टँडवर मी विचारलं. त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं आणि ट्रंक उचलली. गाडी गेल्यावर मी ते उघडलं. पुढच्या तपासणीचा रकाना खालपर्यंत भरलेला होता. मागची बाजूही भरलेली. दरवर्षीची एक तारीख, एकाखाली एक. शेवटच्या ओळीला मी त्रेसष्ट वर्षांची होणार होते. एकदम दोन तारखा न लिहिणाऱ्या त्या माणसाने माझ्या एकोणचाळीस तारखा लिहून ठेवल्या होत्या. मी तिथेच स्टँडवर रडले.

काका वारले त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. तपासणीला मी एकटीच जाते. परत आले की जिन्यात थांबून कार्डावर खूण करते आणि त्यांच्या दाराकडे बघते. तिथे दुसरेच लोक राहतात. शेवटच्या काही तारखांवर अजून खूण व्हायची आहे.